हलफनाम्यात चूक झाली तर खोडू नका, पुरवणी द्या

धुळे-जळगावच्या कापड व्यापारात उधारी आली, आणि उधारी आली की केव्हातरी न वटलेला चेकही आला. मग कलम 138 ची नोटीस, फिर्याद आणि कोर्टाच्या चकरा. 2002 च्या दुरुस्तीपासून अशा खटल्यात फिर्यादीला आपला पुरावा प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे आपल्या भाषेत हलफनाम्यावर, देता येतो. वेळ वाचला हे खरे. पण तोंडी साक्षीत जीभ घसरली तर तिथल्या तिथे सावरता येते. कागदावरची चूक आपल्याच सहीने पक्की होते.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी वाचतो, पण कोर्टाची मराठी वेगळी. एका गिऱ्हाईकाविरुद्ध धुळ्याच्या कोर्टात माझी केस होती. वकिलांच्या कारकुनाने पाने पुढे केली, मी सह्या केल्या. उलटतपासाच्या दोन दिवस आधी खातेवही काढून बसलो तेव्हा दिसले की चौथ्या परिच्छेदात साड्यांच्या बिलाचा नंबर पडला आहे. चेक लुंग्यांच्या मालाचा होता, साड्यांचे पैसे केव्हाच आले होते! आरोपीच्या वकिलाने तेच बिल पुढे करून "हे पैसे मिळाले ना?" असे विचारले असते तर मी काय सांगणार होतो?

मी म्हटले, पेनाने नंबर बदलून टाकू. वकीलसाहेब रागावले. "शेठ, शपथेआधीची खाडाखोड अधिकाऱ्यासमोर सही करून चालते. शपथ झाली, कागद कोर्टात गेला, आता त्या पानाला हात लावायचा नाही."

आम्ही परवानगीचा अर्ज आणि सोबत पुरवणी प्रतिज्ञापत्र दिले. त्यात चुकीचे वाक्य कोणते, चूक कशी झाली आणि खरे बिल कोणते ते लिहिले. डिलिव्हरी चलन व खात्याचा उतारा जोडला. जुने प्रतिज्ञापत्र रेकॉर्डवर तसेच राहिले. त्यावरून मला तासभर धारेवर धरले गेले, पण चलनावर गिऱ्हाईकाची सही होती.

मूळ फिर्यादीतही तीच चूक असेल तर तिच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा लागतो. बन्सल मिल्क चिलिंग सेंटरच्या चेक खटल्यात फिर्यादीत दुधाऐवजी देशी तूप लिहिले गेले होते. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली, कारण त्याने आरोपीचे नुकसान होत नव्हते. मात्र उशीर करू नये. मुंबईच्या बाणगंगा गृहनिर्माण संस्थेच्या दिवाणी दाव्यात हायकोर्टाने 2015 मध्ये सांगितले की साक्षीदाराने पिंजऱ्यात येऊन दुजोरा दिला की प्रतिज्ञापत्र पुरावा बनते. म्हणून वाचायचे ते त्याआधी.

एक गोष्ट मात्र पुरवणीनेही सुटत नाही. चेक दिल्यानंतर गिऱ्हाईकाने काही रोख भरली आणि आपण ती चेकवर न नोंदवता पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला, तर 138 लागू होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2022 मध्ये दशरथभाई पटेल खटल्यात ठरवले. अशी रक्कम हलफनाम्यात जाणूनबुजून लपवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्यातले कित्येक जण "थोडे रोख आले होते" हे वकिलालासुद्धा सांगत नाहीत!

ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांनी मजकूर आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायला सांगावे आणि तसा शेरा कागदावर घ्यावा. मी आता मसुदा आदल्या दिवशी घरी आणतो. मुलगा मोठ्याने वाचतो, मी बिलबुक उघडून एकेक नंबर मिळवतो.