बाटलीबंद बीअरचे बाह्यरूप आणि तिची गुणवत्ता

बाटलीबंद बीअरची पहिली परीक्षा डोळ्यांनीच होते. द्रव नितळ असल्यास माल उत्तम व गढूळ असल्यास बिघडलेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हा निकष सरसकट लावल्यास निर्दोष माल नाकारला जाण्याचा आणि सदोष माल स्वीकारला जाण्याचा संभव असतो.

गढूळपणाचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला शीतजन्य होय. माल्टमधील प्रथिने आणि माल्ट व हॉप यांतील पॉलिफिनॉले ०° से. च्या सुमारास परस्परांशी सैलपणे जोडली जातात व द्रव धूसर दिसू लागतो. तापमान २०° से. पर्यंत चढताच तो पुन्हा नितळ होतो. याने चव बिघडत नाही. मात्र साठवण लांबल्यास व ऑक्सिजनचा संपर्क घडल्यास ही जोडणी पक्की होते. मग उरणारा कायमचा गढूळपणा शिळेपणाचा सूचक ठरतो. यावर उपाय म्हणून प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे वापरण्याचे एकस्व लिओ वॉलरस्टीन यांनी १९११ मध्ये अमेरिकेत मिळविले. पपईच्या चिकातील पॅपेन हे अशांपैकीच एक एंझाइम होय.

दुसरा प्रकार यीस्टचा. जर्मनीतील हेफेवाइत्सेन ही गव्हाची बीअर मुद्दाम न गाळता भरतात, तर बेल्जियममधील कित्येक बिअरींचे बाटलीतच पुन्हा किण्वन होते. त्यांच्या तळाशी बसलेला थर हा दोष नव्हे.

तिसरा प्रकार जीवाणूजन्य असून तोच खरा चिंतेचा. लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस यांची वाढ झाल्यास बाटली हलविताच रेशमी लाटांसारखी धूसरता दिसते. बाटलीच्या गळ्याशी पांढुरके कडेही कधी कधी आढळते. हा गढूळपणा उबेने जात नाही. त्याची खात्री सूक्ष्मदर्शकाने करावी लागते; या पद्धतीचे महत्त्व लुई पाश्चर यांनी १८७६ च्या आपल्या बीअरविषयक ग्रंथात दाखविले.

याउलट, पूर्ण नितळ बीअरही सदोष असू शकते. प्रकाशात तिच्यातील रिबोफ्लेविनाच्या योगे हॉपमधील कडू घटकांचे विघटन होते व उग्र दुर्गंधी गंधकयुक्त संयुग बनते. रूपात मात्र काहीच फरक पडत नाही. तपकिरी काच ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश अडविते. हिरवी व रंगहीन काच तितके संरक्षण देत नाही.

तात्पर्य, प्रथम बाटलीचा रंग व बीअरचा प्रकार पाहावा, नंतर ती उबदार करून गढूळपणा जातो की राहतो हे तपासावे आणि अखेरचा निर्णय गंध व चव यांवर सोपवावा.