माळवदावरचा दिवस

सकाळी ६.३०
मे महिना. औसा तालुक्यातला शेतकऱ्याचा जुना वाडा. पुढं देवडी, आत ओसरी, कडेला गोठा. गोठ्यातली दावण लांबलचक, म्हैस एकच. माळवद करणारे मामा शिडी लावतात. पाऊस यायच्या आत सहा खणांचं माळवद, म्हणजे मातीचं छत, नीट करायचं आहे.

७.००
आधी गवत. पावसाळ्यात उगवलेलं, आता वाळून गेलेलं. खुरप्यानं मुळासकट काढायचं. मूळ राहिलं की त्याच वाटेनं पाणी घरात उतरतं.

८.३०
ट्रॅक्टर येतो. पडक्या गढीची पांढरी माती. ट्रॉलीचे १,५०० रुपये, रोख. शेतातली काळी फुकट मिळेल, पण ती उन्हात भेगाळते.

९.३०
मामा नव्या मातीला हात लावत नाहीत. फावड्यानं जुनीच खरवडून खाली लोटतात. दर उन्हाळ्याला थोडी थोडी चढत गेली. तुळया मात्र आजोबांच्या वेळच्याच. फूटभर थर झाला तर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीला असल्याच माळवदांखाली माणसं गाडली गेली.

"काकू, टाकायची तेवढी आधी काढायची. जास्तच काढायची," मामा वरून घरमालकिणीला सांगतात.

दुपारी १२.३०
ओसरीत जेवण. भाकरी, ठेचा, कांदा. बाहेर उभं राहवत नाही, इथं पंख्याची आठवण होत नाही.

"पोरगं म्हणतंय पत्रे टाका. एकदाच काय तो खर्च," काकू म्हणतात.

"टाका की. मग मे महिन्यात बसा खाली," मामा म्हणतात.

३.००
आता नवी माती. दोन बाया घमेली भरतात, डोक्यावर घेऊन शिडी चढतात, रिकामी करून उतरतात. मामा पन्हाळाकडं उतार काढतात. पाणी शिंपडायचं, चोपण्यानं ठोकायचं, पुन्हा शिंपडायचं. शेवटी तांब्याभर पाणी ओततात. धार पन्हाळातून अंगणात पडते. तीन खण झाले.

संध्याकाळी ६.००
हिशोब. मामांना ७००, बायांना ३००-३००.

"काकू, माती तर समदी आमच्याच डोक्यावरून वर गेली," त्यातली थोरली म्हणते.

काकू पदराची गाठ सोडतात. पन्नासची एक नोट काढतात. दोघींत मिळून.