जुन्या सागवानाला नवे पॉलिश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या सागवानी दाराला, कपाटाला किंवा झोपाळ्याला पुन्हा पॉलिश करायचे ठरले की पहिला सल्ला मिळतो तो सगळे खरवडून काढण्याचा. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. लाकडावर आधी काय लावले आहे ते कळल्याशिवाय काय काढायचे हे ठरवताच येत नाही, आणि ते ओळखणे अवघडही नाही. मागच्या बाजूला, नजरेस न येणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी डाग उतरला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही, पण एनसी थिनरने थर विरघळला, तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारा कडक थर बहुधा मेलामाइनचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असतो.

लाखेचे पॉलिश सहसा काढावेच लागत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांच्या स्रावापासून लाख मिळते आणि तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश बनते. वाळलेली लाखही स्पिरिट लागताच पुन्हा मऊ पडते, म्हणून नवा हात जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. मळ पुसून, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून चपड्याचे दोन-तीन पातळ हात दिले की काम होते. पीयूचे तसे नाही. वाळलेला पीयू विरघळत नाही. नवा थर धरून राहावा म्हणून आधी २२० नंबरच्या पेपरने जुन्याची चकाकी मारावी लागते. ही पायरी गाळली की काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. ‘लाख कच्ची, पीयू पक्का’ हा समजही अर्धाच खरा. गरम कप ठेवला की लाखेवर पांढरा डाग उमटतो, हे खरे; पण लाखेवरचा ओरखडा तेवढ्या जागेपुरता बुजवता येतो, पीयूची मात्र बहुतेक वेळा अख्खी फळी घासायला घ्यावी लागते.

‘जितके घासावे तितके लाकूड उजळते’ या समजापायी सर्वांत जास्त नुकसान होते. सागवानी दिसणारी अनेक कपाटे प्लायवूडची असतात आणि त्यांवरचे सागाचे व्हिनीअर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. मशीन एका जागी क्षणभर रेंगाळले तरी खालचा प्लाय उघडा पडतो आणि तो पुन्हा झाकता येत नाही. फळीची कड पाहावी : वरच्या रेषा कडेवरूनही सलग उतरलेल्या दिसल्या तर लाकूड भरीव, कडेला वेगळी पट्टी किंवा थर दिसले तर व्हिनीअर, आणि तिथे हातानेच, बारीक पेपरने घासावे. भरीव लाकडावर ८०, मग १२०, मग १८० असा क्रम ठेवावा आणि रेषेच्या दिशेनेच हात चालवावा. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत; रंगाचा हात पडला की एकेक उठून दिसतो.

दारावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. रिमूव्हरने किंवा पाणी लावून ओले घासून रंग काढावा, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. साध्या सागाची धूळही निरुपद्रवी नाही : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. मास्क हवाच.

पॉलिश केले की पावसाळ्यात दार फुगत नाही, हा समज घराघरांत आहे. कोणतेही पॉलिश बाष्प पूर्ण अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करते. त्यातही दाराची वरची आणि खालची कड बहुतेक वेळा कोरीच राहते आणि ओल तिथूनच शिरते. श्रावणात अडकणाऱ्या दारावर लगेच रंधा मारला तर उन्हाळ्यात तिथे फट पडते. पॉलिशचे कामही पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरते आणि थर दुधाळ होतो.

‘तेलाने लाकडाचे पोषण होते’ असे सर्रास म्हटले जाते. कापलेले लाकूड काहीही खात-पीत नाही. खोबरेल न वाळता चिकट राहते आणि धूळ धरते. सागात तर स्वतःचेच तेल असते. त्यामुळे पीयू लावण्याआधी उघडे लाकूड थिनरने पुसून घ्यावे, नाहीतर थर नीट धरत नाही.

जवसाचे तेल मात्र वाळते, आणि त्यातच धोका आहे. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळते, त्यात उष्णता निर्माण होते. चुरगळून ठेवलेल्या फडक्यांत ती साठत जाते आणि ठिणगीशिवाय आग लागते. १९९१च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच फडक्यांमुळे पेटली. लाकडी पॅनेलिंगला पॉलिश करून कामगार फडकी तिथेच ठेवून गेले होते. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. काम संपल्यावर तेलाची फडकी घराबाहेर एकेक मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.