केसाएवढा कठडा

जहाजाचं प्लॅस्टिक मॉडेल पाहिलंत तर नजर आधी कठड्यावर ठेवा. 1:350 प्रमाणात प्लॅस्टिकचा साचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अडखळतो. तेवढा जाड गज खऱ्या जहाजावर साडेसतरा सेंटीमीटरचा ओंडका होईल. पितळेच्या पत्र्यातून तोच गज 0.1 मिलिमीटरचा निघतो, म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा पाइप. आता जहाज जहाजासारखं दिसतं.

असे भाग विकत मिळतात. चेक देशातली, 1989 साली सुरू झालेली एडुआर्ड ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण आपल्याला हवं ते नेमकं त्यांच्या यादीत नसतं, म्हणून काही जण घरीच पितळ कोरतात. कोरतात म्हणजे हत्याराने नव्हे, उजेडाने आणि रसायनाने.

ही विद्या नवी नाही. टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने 1852 साली प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जिलेटिनच्या मदतीने धातू कोरण्याचं पेटंट घेतलं. 1858 च्या पद्धतीत त्याने फेरिक क्लोराइड वापरलं. आपल्याकडे ती छापखान्याच्या दाराने आली. लग्नपत्रिकेवरचा गणपती, मासिकातली चित्रं, सगळे झिंकचे नाहीतर तांब्याचे ब्लॉक असेच व्हायचे. ब्लॉकवाल्यांचा धंदा ऑफसेट छपाईने बुडवला. मॉडेलवाला आज जेवणाच्या टेबलावर करतो ते त्यांचंच काम. फरक एवढाच, की त्यांना वरचा ठसा हवा असायचा, याला पत्रा आरपार हवा.

पत्रा साधारण 0.15 मिलिमीटरचा. तो घासून, तेलाचा अंशही न ठेवता पुसायचा. मग दोन्ही बाजूंना प्रकाशसंवेदी फिल्म, लॅमिनेटरमधून गरम करून. हे पिवळ्या दिव्यात. ट्यूबलाइट चालत नाही. चित्र पारदर्शक कागदावर दोनदा छापलेलं, पुढचं आणि मागचं. जिथे पितळ राहायला हवं तिथे कागद कोरा, जिथे जायला हवं तिथे काळा. दोन कागदांचं पाकीट करून त्यात पत्रा सरकवायचा. पुढचं-मागचं केसभर जरी सरकलं, तरी गज तिरका कापला जातो. अतिनील दिव्याखाली उजेड पडला तिथली फिल्म घट्ट होते, उरलेली धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात निघून जाते.

मग फेरिक क्लोराइड. हा लोहाचा क्षार, पण बोलीत त्याला ॲसिडच म्हणतात. सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांमुळे तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. कोमट, प्लॅस्टिकच्या भांड्यात, माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडून. पत्रा उभा टांगलेला. तांबं विरघळत जातं तसा तपकिरी रंग हिरवट होतो.

खरी कसोटी इथे नाही, आधीच कागदावर झालेली असते. कारण रसायन फक्त खाली खात नाही, फिल्मच्या काठाखालून आडवंही खातं. काढलेली रेघ त्यामुळे नेहमी बारीक होऊन निघते. म्हणून रेघा मुद्दाम जाड काढायच्या, छिद्रं मुद्दाम लहान, आणि पत्र्याच्या जाडीहून बारीक काही काढायचं नाही. मी हा नियम पहिल्या पत्र्यावर पाळला नाही. शिडी काढली होती. पायऱ्या गेल्या, दोन उभे दांडे उरले.

आडव्या भुकेपेक्षा लोभस एक गोष्ट आहे: अर्धी कोरणी. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला कोरं ठेवलं की पत्रा फक्त अर्ध्या खोलीपर्यंत खाल्ला जातो. अशी रेघ म्हणजे घडीची जागा. खाच आतल्या बाजूला ठेवून वाकवलं की काटकोन हुकमी येतो. याच युक्तीने सपाट पत्र्यातून रेडारची जाळी, पेटी, खुर्ची उभी राहते.

उरलेली फिल्म कॉस्टिक सोड्यात उतरवायची, हातमोजे आणि चष्मा घालून. वापरलेलं फेरिक क्लोराइडचं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं, आणि स्टीलच्या सिंकवर डाग पडतात ते वेगळेच. धुण्याचा सोडा घालून तांबं गाळात उतरवायचं आणि तो गाळ घातक कचऱ्यात द्यायचा.

शेवटी भाग चौकटीला बारीक नाळेने लटकलेले असतात. फरशीच्या तुकड्यावर ठेवून नाळ कापायची, झटपट गोंदाने चिकटवायचं. कापताना भाग टुणकन उडतो आणि पलंगाखाली जातो. म्हणून जाणकार चित्र काढतानाच प्रत्येकाची एक जोडी जास्त घालतात. मधली रिकामी जागा तशीही विरघळून जाणारच असते.