रजोनिवृत्ती : टप्पे, लक्षणे आणि सावधगिरी

सेवानिवृत्तीचा दिनांक आधीच ठाऊक असतो. रजोनिवृत्तीचा मात्र तो उलटून गेल्यावर वर्षभराने निश्चित होतो. अन्य कोणतेही वैद्यकीय कारण नसताना सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली, असे मानले जाते. बहुतेक स्त्रियांमध्ये ती ४५ ते ५५ या वयात होते. भारतीय स्त्रियांमध्ये तिचे सरासरी वय साधारणतः ४६ ते ४७ वर्षे आढळते. वयाच्या चाळिशीपूर्वीच पाळी थांबल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे असते.

पहिला टप्पा संक्रमणकाळाचा. वयानुसार स्त्रीबीजांचा साठा घटतो आणि बीजांडकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण अनियमित होते. आरंभी पाळीच्या चक्रात आठवडाभराचा फरक पडू लागतो. पुढे दोन-दोन महिने पाळी येत नाही. हा काळ काही वर्षे चालतो. गर्भधारणेची शक्यता या काळात कमी होते, संपत नाही, याचे भान दांपत्याने ठेवावे. शेवटची पाळी हा दुसरा टप्पा आणि त्यानंतरचे सर्व आयुष्य हा तिसरा.

इस्ट्रोजेन घटल्याने मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्र अतिसंवेदनशील होते. परिणामी चेहरा, मान व छातीवर एकाएकी उष्णतेची लाट पसरते, दरदरून घाम फुटतो आणि काही मिनिटांत ती ओसरते. निद्रानाश, चिडचिड, छातीत धडधड, सांधेदुखी, विसराळूपणा, योनिमार्गाची शुष्कता ही अन्य लक्षणे होत. ती प्रत्येकीला सारखीच जाणवतात असे नाही. हाडांची झीज मात्र कोणतीही चाहूल न देता वाढते. म्हणून नियमित चालणे, व्यायाम आणि आहारात दूध, नाचणी, तीळ यांचा समावेश हितकर ठरतो.

खरा धोका वेगळाच आहे. ‘पाळी जाताना अंगावर जास्त जायचेच’ असे म्हणून घरोघरी अतिरक्तस्राव सोसला जातो. त्यातून रक्तक्षय होतो आणि गर्भाशयाचा एखादा विकार दृष्टिआड राहतो. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ती ‘परत आलेली पाळी’ समजू नये. बहुतांशी त्याचे कारण साधे असते. परंतु गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षणही असू शकते. हा रोग लवकर लक्षात आल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

त्रास असह्य झाल्यास संप्रेरक-उपचार आणि अन्य औषधे उपलब्ध आहेत. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळ्या होणे असा पूर्वेतिहास असल्यास तो वैद्यांना अवश्य सांगावा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पाळीच्या तारखांची साधी नोंदवही ठेवल्यास निदान सुलभ होते.

रजोनिवृत्ती हा आजार नव्हे. परंतु या वयातील प्रत्येक दुखण्याचे खापर तिच्यावर फोडणे हिताचे नाही, हे त्या स्त्रीइतकेच तिच्या कुटुंबीयांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.