दम लागतो, तेव्हा हृदयाकडेही पाहा

कर्करोग हाडांत, यकृतात, मेंदूत पसरतो हे आता घरोघरी ठाऊक झालं आहे. तो हृदयापर्यंतही पोहोचतो, याचा विचार मात्र सहसा होत नाही. हृदयातच उगम पावणारा कर्करोग अतिशय दुर्मीळ. पण कर्करोगाने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत साधारण दहांतल्या एकाच्या हृदयात किंवा त्याच्या आवरणात पसरलेला रोग आढळला आहे. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत हयातीत कुणाला शंकाही आली नव्हती.

फुप्फुस, स्तन आणि अन्ननलिका हृदयाला लागूनच. तिथला रोग थेट किंवा छातीतल्या लसीकाग्रंथींमधून आत शिरतो. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग रक्तावाटे येतो. मूत्रपिंडाची गाठ तर कधी कधी मोठ्या शिरेतून वर वाढत हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते.

सर्वाधिक झळ बसते ती हृदयावरणाला, म्हणजे पेरिकार्डियमला. या दुहेरी पिशवीत एरवी 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो. कर्करोगामुळे तिथे पाणी हळूहळू साचत गेलं, तर पिशवी ताणत जाते. प्रसंगी लिटरभर पाणी साचेपर्यंत हृदय निभावून नेतं आणि रुग्णाला विशेष काही जाणवत नाही. पण तेच पाणी झपाट्याने वाढलं, तर दीडदोनशे मिलिलिटरही जिवावर बेततं. बाहेरच्या दाबामुळे हृदयात पुरेसं रक्त भरत नाही, रक्तदाब कोसळतो, मानेच्या शिरा फुगतात. डॉक्टर याला टॅम्पोनाड म्हणतात.

लक्षणं दिसली तरी फसवी असतात. चालताना धाप लागते, छातीत धडधडतं, पाय सुजतात. घरचे म्हणतात, केमोचा अशक्तपणा आहे. फुप्फुसाचा कर्करोग असेल तर दोष फुप्फुसावर जातो. खरं कारण शोधणारी तपासणी मात्र सोपी आहे. 1953 मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ या संशोधकांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली. त्यातूनच घडलेल्या इकोमध्ये हे पाणी काही मिनिटांत दिसतं. सुईने ते काढलं की रुग्णाला मोकळा श्वास घेता येतो, आणि त्यात कर्कपेशी आहेत का, हेही तपासता येतं.

पसरलेला रोग याने बरा होत नाही, पण टॅम्पोनाडने होणारा मृत्यू टाळता येतो आणि पुढच्या उपचारांना अवधी मिळतो. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला नव्याने दम लागू लागला, तर तो अशक्तपणाच्या खात्यावर टाकू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा आणि इको करायला हवा का, हे स्पष्ट विचारा.