कोशरचा दाखला कारखान्याचा, हळदीचा चोखपणा आपला

गेल्या हंगामात देगलूर तालुक्यातल्या एका गावात हळद उत्पादकांची बैठक होती. बैठक उठता उठता एका शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "साहेब, परदेशात माल पाठवायचा तर कोशर सर्टिफिकेट लागतंय म्हणे. एक जण येऊन गेला. माणशी पाच हजार भरा, दुप्पट भाव मिळवून देतो म्हणाला. भरावं का?" गटातल्या काही जणांनी पैसे काढूनही ठेवले होते. मी त्या दिवशी "थांबा" एवढंच म्हणालो. त्याचं कारण आज सविस्तर सांगतो.

कोशर म्हणजे काय?

ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारे अन्न म्हणजे कोशर. डुकराचे मांस वर्ज्य, मांस व दूध एकत्र चालत नाही, अन्नात किडा-अळी चालत नाही. हे नियम आपल्याला नवे वाटतील, पण महाराष्ट्राला नवे नाहीत. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडले. त्यांची बोली मराठीच. जेवणात मांस असेल तर दुधाच्या जागी नारळाचे दूध वापरायची त्यांची रीत आहे.

अमेरिकेत अशा अन्नाला मोठा बाजार आहे. तिथल्या 'ऑर्थोडॉक्स युनियन' या १८९८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे चिन्ह, वर्तुळातले 'यू' हे इंग्रजी अक्षर, असंख्य डब्यांवर दिसते. घेणारे सगळेच ज्यू नसतात. दूध न पचणारे, मांसाचा अंश टाळणारे लोकही डब्यावरचे चिन्ह बघून माल घेतात.

हळदीचा संबंध कुठे येतो?

साधे वाळलेले हळकुंड ही वनस्पती आहे. तिच्यात मुळात वर्ज्य असे काही नाही. प्रश्न पुढे, कारखान्यात उभा राहतो. हळदीतून कुरकुमीन काढतात व त्याच्या गोळ्या, कॅप्सूल पूरक आहार म्हणून विकतात. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून आलेले असते. म्हणून वनस्पतीजन्य कवच वापरावे लागते. अर्क काढायला अल्कोहोल वापरले तर ते कशापासून बनले, तेही विचारतात. द्राक्षापासूनचे असेल तर अडचण येते. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात तो पदार्थ चरबीचा की वनस्पतीचा, त्याच यंत्रावर आधी दुसरा कुठला माल काढला होता का, हे सगळे तपासायला धर्मसंस्थेचा निरीक्षक कारखान्यात येतो.

म्हणजे हा दाखला ठरावीक कारखान्याला, ठरावीक मालासाठी व ठरावीक मुदतीपुरता असतो. हळकुंडे विकणाऱ्या शेतकऱ्याला तो माणशी विकत घ्यायची गरज नाही. शिवाय हा दाखला सरकारी नाही. अन्न सुरक्षा परवाना वेगळा, ॲगमार्क वेगळा, सेंद्रिय प्रमाणपत्रही वेगळे. कोशर म्हणजे फवारणीमुक्त, असा अर्थ काढू नये. औषधाचे अंश प्रयोगशाळेतच तपासावे लागतात.

मग आपण काय करायचे?

१) हळद शिजवल्यावर शेणामातीच्या खळ्यावर पसरू नये. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवावी. रात्री झाकावी.
२) ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आल्याशिवाय पोती भरू नयेत. ओल्या मालाला बुरशी लागते.
३) नवी किंवा स्वच्छ पोती वापरावीत, थप्पी फळ्यांवर लावावी. साठ्यात भुंगेरे पडले तर असा माल चांगला खरेदीदार परत करतो. कोशरवाला तर घेणारच नाही.
४) पॉलिश करताना पिवळा रंग मारू नये. लेड क्रोमेटसारख्या रंगात शिसे असते, ते विष आहे.
५) गट नंबर, वाण, फवारणी व काढणीच्या तारखा वहीत लिहाव्यात. अर्क काढणारे कारखाने कुरकुमीनचे प्रमाण बघतात, म्हणून गटाने नमुना तपासून घ्यावा.

आपल्या हळदीची पत आता वाढते आहे. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. त्याचे मुख्यालय निजामाबादला, ते तर आपल्या सीमेपलीकडेच. शेतकरी कंपनी काढून कुणी पूड किंवा अर्काचा कारखाना टाकणार असेल, तर खरेदीदाराची लेखी मागणी हातात आल्यावरच कोशरचा खर्च करावा. दाखल्यावर कारखान्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव व मुदत बघावी आणि देणाऱ्या संस्थेकडे थेट खात्री करावी. सरपंच व पोलीस पाटलांनीही दुप्पट भावाचे गाजर दाखवून पैसे गोळा करणाऱ्याला आधी कागद मागावेत.

त्या गावच्या गटाने पैसे भरले नाहीत. त्याच पैशातून ताडपत्र्या आणल्या. यंदा हळद त्यांच्यावरच वाळली.

— विस्तार अधिकारी (कृषी), देगलूर